सर्जाच्या दाढा



गेल्या महिन्यात सर्जाच्या गव्हाणीत चघळलेल्या कडब्याचे ओले गोळे पडलेले दिसायला लागले. शेणात ज्वारीचे अख्खे दाणे. पाठीचा कणा वर आला. मी दोनदा जंताचं औषध पाजलं, फरक शून्य. शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तोंड उघडून आत बॅटरी मारली आणि म्हणाले, "रोग नाही दादा, दाढा संपल्यात."

सर्जा आमच्या घरच्या गाईचा खिलार. वय सतरा.

बाजारात आपण पुढचे दात बघतो. आदत, दुसा, चौसा, सहादाती, मग जुळला. पहिली जोडी दोन वर्षांच्या आसपास बदलते. पुढचे आठही दात खालीच, वर नुसती टणक हिरडी. पण वैरण दळतात त्या आतल्या चोवीस दाढा. तिकडं मी तीस वर्षांत कधी बघितलंच नव्हतं.

मी म्हटलं, "मगरीचे दात पडले तरी परत येतात, मग बैलाचे का नाहीत?" डॉक्टरांनी गोठ्यातच बसून सांगितलं, बाकीचं मी मुलीच्या पुस्तकात वाचलं.

आपल्या कृष्णेतल्या मगरीचे दात जन्मभर बदलतात. पण ते पकडायला आणि तोडायला. चावून बारीक करणं तिला येत नाही. सारख्या पडणाऱ्या दातांची खालची-वरची जोडी नीट जुळत नाही. वीस कोटी वर्षांपूर्वीचे पहिले सस्तन प्राणी चिचुंद्रीएवढे होते. पिल्लू आईच्या दुधावर वाढायचं, त्यामुळं जबडा मोठा होईपर्यंत दुधाचे दात पुरायचे, नंतर एकदाच कायमचे. दात टिकले म्हणून जोडी जुळली. पुढं तर वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात बसायला लागला, उखळात मुसळ बसावं तसा. अशा जुन्या छोट्या प्राण्यांचे दात प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या कोटा थरांतही सापडलेत. हाडं कुजतात, पण दातावरचं कवच अंगातलं सगळ्यात टणक, ते राहतं.

मग गवताळ रानं पसरली. उसाचं पान हात कापतं ना? गवताच्या पात्यात सिलिकाचे बारीक कण असतात, वर माती. त्यानं दाढ झिजते. ज्यांच्या दाढा जरा उंच, ती जनावरं जास्त जगली, त्यांची वीण वाढली. आपण बी निवडतो तसंच, फक्त इथं निवड गवतानं केली. घोडा आणि गाय-बैलाच्या दाढा अशाच उंच झाल्या. बराचसा भाग जबड्यात दडलेला, झिजेल तसा वर सरकतो. दाढेवर टणक कवचाच्या चंद्रकोरीसारख्या कडा असतात. मधला मऊ भाग लवकर झिजतो, त्यामुळं कडा खरखरीत राहतात. जात्याला आपण टाकी लावतो, बैलाची दाढ स्वतःच लावून घेते.

पण माल ठरलेला. उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढतात, बैलाच्या दाढेचं मूळ मात्र बंद होतं. नीट दळायला मिळालं, त्या बदल्यात परत उगवायचं गेलं.

महिना मी वाया घालवला, चूक माझी. आता कडबा कुट्टीतून दोनदा काढतो, भिजवतो. भरडा ओला करून, सोबत कोवळा लसूणघास. वाडं बंद. तीन आठवड्यांत गोळे पडायचे थांबलेत. हाडं अजून दिसतात, पण रवंथ शांतपणे करतो.

एक विनंती. म्हातारं जनावर खंगलं तर आधी गव्हाण आणि शेण बघा, दाढा डॉक्टरांकडून तपासून घ्या. स्वतः हात घालू नका, कडा लई धारदार असतात.

कुणी म्हणालं, आता देऊन टाक. नाही देणार. इतकी वर्षं त्यानं स्वतःचं दळून आमचं रान ओढलं. आता दळायचं काम माझं.