कर्नेलला प्रश्न विचारताना

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला आम्ही कर्नेल म्हणतो. कुठली प्रोसेस कधी चालेल, मेमरीतली जागा कोणाला मिळेल, हे तोच ठरवतो. त्यामुळे या सगळ्याचा हिशेबही त्याच्याचकडे असतो. पण कर्नेलची स्वतःची मेमरी बाकीच्या प्रोग्रॅमना बंद असते आणि ती तशीच असायला हवी, नाहीतर एखाद्या प्रोग्रॅममधल्या चुकीने सगळं यंत्र कोसळेल. मग हा हिशेब बाहेरच्यांनी पाहायचा कसा? लिनक्स सर्व्हर संथ का झाला, मेमरी कुठे गेली, हे शोधणं माझं रोजचं काम आहे आणि ते सगळं या प्रश्नाच्या उत्तरावर उभं आहे.

युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात प्रोसेसची यादी दाखवणारी ‘पीएस’ ही कमांड थेट कर्नेलच्या मेमरीत हात घालत असे. त्यासाठी ‘केमेम’ नावाची एक खास फाइल होती. ती उघडली की कर्नेलची संपूर्ण मेमरी समोर. प्रोसेसचा तक्ता त्यात कुठल्या पत्त्यावर आहे ते शोधायचं आणि तिथले बाइट उचलायचे, अशी रीत. कर्नेलमध्ये तक्त्याची रचना बदलली की ‘पीएस’ पुन्हा कंपाइल करावी लागे. वाचता वाचता तक्ता बदलला, तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी माहिती हाती येई. सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे, नुसती यादी दाखवणाऱ्या कमांडला कर्नेलची सगळी मेमरी वाचण्याचा विशेष अधिकार द्यावा लागे.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले टॉम किलियन यांनी यावर एक निबंध सादर केला. चालू असलेली प्रत्येक प्रोसेस फाइल म्हणून दाखवावी, अशी त्यांची कल्पना होती. ‘प्रॉक’ नावाची एक डिरेक्टरी, तिच्यात प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाची एक फाइल. ती फाइल वाचली की त्या प्रोसेसची मेमरी वाचता येते. युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत हे प्रत्यक्षात आलं. बेल लॅब्जमध्येच पुढे घडलेल्या ‘प्लॅन नाइन’ने आणखी एक पाऊल टाकलं. तिथे प्रत्येक प्रोसेसला फाइलऐवजी डिरेक्टरी मिळाली आणि तिच्यात स्थिती सांगणाऱ्या, आज्ञा घेणाऱ्या वेगवेगळ्या फाइली आल्या. लिनक्सने १९९२ मध्ये प्रॉक स्वीकारला तो याच वळणाचा : प्रत्येक प्रोसेसला डिरेक्टरी आणि आत बहुतांशी साधा, माणसाला वाचता येईल असा मजकूर.

या फाइली डिस्कवर कुठेच नसतात. प्रोसेसच्या डिरेक्टरीतल्या ‘स्टेटस’ या फाइलीचा आकार पाहिला तर तो शून्य दिसतो, पण वाचायला घेतली की पन्नासेक ओळी बाहेर पडतात. आपण वाचायला सुरुवात करतो त्या क्षणी कर्नेलमधलं एक फंक्शन चालतं, त्या प्रोसेसची नोंद तपासतं, ओळी तयार करतं आणि आपल्या हाती देतं. दुसऱ्यांदा वाचलं तर ओळी नव्याने घडतात. म्हणजे प्रॉकमधला प्रत्येक आकडा त्या क्षणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतो. माझ्या कामाचा सगळा अनुभव एका वाक्यात सांगायचा तर तो असा : आकडा वाचण्याआधी त्यामागचा प्रश्न समजून घ्यावा लागतो.

मेमरीच्या बाबतीत हे सर्वांत जास्त जाणवतं. एखादी प्रोसेस किती मेमरी वापरते, हा प्रश्न साधा वाटतो, पण कर्नेलपाशी त्याची निदान तीन उत्तरं आहेत. पहिला आकडा व्हर्च्युअल मेमरीचा. प्रोग्रॅमने जागा मागितली की कर्नेल पत्ते राखून ठेवतो, पण रॅममधली खरी जागा बहुधा देत नाही. प्रोग्रॅम त्या पत्त्याला प्रत्यक्ष हात लावतो तेव्हा सहसा ४,०९६ बाइटचं एक पान दिलं जातं. मेमरीच्या चुका शोधणारं ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’ हे साधन वापरून तयार केलेला प्रोग्रॅम ६४ बिटच्या लिनक्सवर सुमारे २० टेराबाइट व्हर्च्युअल मेमरी दाखवतो आणि साध्या लॅपटॉपवर सुखाने चालतो. हा आकडा पाहून घाबरलेली माणसं मी अनेकदा पाहिली आहेत. तो खोटा नसतो. किती पत्ते राखले, एवढंच तो सांगत असतो.

दुसरा आकडा आरएसएस. प्रोसेसची किती पानं या क्षणी रॅममध्ये आहेत, ते तो सांगतो. हा वास्तवाच्या जवळचा आहे, पण सगळ्या प्रोसेसचे आरएसएस मिळवले तर बेरीज यंत्रातल्या रॅमपेक्षाही जास्त होऊ शकते. कारण अनेक पानं सामाईक असतात. चार भावांच्या शेतात एकच विहीर असावी आणि प्रत्येकाने आपल्या मालमत्तेत ‘विहीर एक’ असं लिहावं, तर कागदावर चार विहिरी होतात. सी भाषेची मूळ लायब्ररी जवळजवळ प्रत्येक प्रोसेस वापरते; तिची पानं रॅममध्ये एकदाच असतात आणि आरएसएसमध्ये प्रत्येकाच्या नावावर पूर्ण मांडली जातात.

म्हणून २००८ च्या सुमारास लिनक्समध्ये तिसरा आकडा आला, पीएसएस. एखादं पान चार प्रोसेस वापरत असतील तर प्रत्येकीच्या नावावर पाव पान. आता बेरीज जुळते. वाचकांच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नेल आहे. तिथली अ‍ॅप्स ‘झायगोट’ नावाच्या एकाच मूळ प्रोसेसपासून जन्मतात आणि तिची पुष्कळ पानं वाटून वापरतात, त्यामुळे कोणतं अ‍ॅप किती मेमरी घेतं हे सांगायला पीएसएसशिवाय गत्यंतर नाही. मात्र हे उत्तर महाग असतं. प्रोसेसचं एकेक पान तपासून त्याचे वाटेकरी पाहावे लागतात. प्रोसेसच्या मेमरीतल्या सगळ्या भागांची बेरीज कर्नेलनेच करून एकदम द्यावी, अशी स्वतंत्र फाइल २०१७ मध्ये आली, तेव्हा हा खर्च बराच कमी झाला.

संपूर्ण यंत्राचा हिशेब ‘मेमइन्फो’ या फाइलीत मिळतो. त्यात ‘मेमफ्री’, म्हणजे रिकामी रॅम, हा आकडा बहुधा छोटा दिसतो. ३२ जीबीच्या सर्व्हरवर तो काहीशे एमबीच निघाला की लोक नवी रॅम मागवायला धावतात. खरं तर कर्नेल रिकाम्या रॅममध्ये डिस्कवरच्या फाइलींच्या प्रती, म्हणजे कॅश, ठेवतो आणि गरज पडली की त्यातल्या बऱ्याचशा सोडून देतो. रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम, हे त्यामागचं तत्त्व. वर्षानुवर्षं लोक रिकामी आणि कॅशमधली मेमरी यांची बेरीज करून अंदाज बांधत आले. पण कॅशच्या आकड्यात सोडून देता न येणारी सामाईक मेमरीही मोजलेली असते. २०१४ मध्ये रिक व्हॅन रील यांच्या बदलाने ‘मेमअव्हेलेबल’ ही नवी ओळ आली : स्वॅप न करता, म्हणजे पानं डिस्कवर न हलवता, नव्या कामाला किती मेमरी मिळू शकेल, त्याचा कर्नेलनेच केलेला अंदाज. लोकांना जे खरोखर विचारायचं होतं, ते अखेर विचारता येऊ लागलं.

योग्य प्रश्न चुकीच्या जागी विचारला तरीही घोटाळा होतो. कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच यंत्रावर प्रोग्रॅमला आखून दिलेल्या वेगळ्या कप्प्यात, बसून ‘मेमइन्फो’ वाचली तर साधारणपणे सगळ्या यंत्राची मेमरी दिसते, कंटेनरला आखून दिलेली मर्यादा दिसत नाही. जावा आपल्या हीपची, म्हणजे प्रोग्रॅमचा डेटा ठेवायच्या मेमरीची, कमाल मर्यादा, काही सांगितलं नाही तर, उपलब्ध मेमरीच्या चौथ्या हिश्श्याने ठरवतं. ६४ जीबीच्या यंत्रावर २ जीबीच्या कंटेनरमध्ये बसलेलं जुनं जावा १६ जीबीचा बेत करायचं आणि मर्यादा ओलांडली की कर्नेल ती प्रोसेस मारून टाकायचा. २०१८ मध्ये जावाची दहावी आवृत्ती आली, तिच्यापासून जावा कंटेनरची मर्यादा स्वतंत्रपणे वाचू लागलं.

प्रश्न कोणी विचारावा, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. एखादी प्रोसेस कोणत्या आज्ञेने सुरू झाली, ते मूळ रचनेत यंत्रावरच्या प्रत्येकाला वाचता येतं. म्हणून कमांडच्या ओळीत पासवर्ड लिहू नये, असं मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतो. दुसऱ्यांच्या प्रोसेस लपवण्याची सोय २०१२ मध्ये लिनक्समध्ये आली आणि अँड्रॉइडने सातव्या आवृत्तीपासून ती वापरली. २०१२ च्याच जानेवारीत एक गंभीर भोक उघड झालं. प्रोसेसच्या मेमरीत फाइलीवाटे लिहिण्याची मुभा नुकतीच दिली गेली होती, पण अधिकाराची तपासणी अपुरी होती. ‘एसयू’ या विशेष अधिकाराच्या कमांडचा चुकीचा संदेश तिच्या स्वतःच्याच मेमरीत जाऊन पडेल अशी मांडणी करून साधा वापरकर्ता रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता. २०१५ मध्ये रॅमच्या एका ओळीवर सतत वाचनाचा मारा करून शेजारच्या ओळीतले बिट उलटवणारा ‘रोहॅमर’ हल्ला प्रत्यक्ष करून दाखवला गेला. त्यानंतर पान रॅममध्ये नेमकं कुठे आहे, हे सांगणाऱ्या फाइलीतले पत्ते सामान्य वापरकर्त्यापासून झाकले गेले.

एवढे धोके असताना हा उघडेपणा ठेवावाच का? माझं उत्तर ठाम ‘हो’ असं आहे. एका सर्व्हरवर डिस्क भरल्याचा इशारा आला होता, पण सगळ्या फाइलींची बेरीज अर्धीही होत नव्हती. प्रॉकमध्ये प्रोसेसने उघडलेल्या फाइलींची यादी पाहिली, तेव्हा एका मोठ्या लॉग फाइलीपुढे ‘डिलीटेड’ असा शेरा दिसला. नाव पुसलं गेलं होतं, पण प्रोसेसने ती उघडी धरून ठेवल्यामुळे जागा सुटत नव्हती. त्याच वाटेने त्या फाइलीची प्रत परत काढता आली आणि प्रोसेस नव्याने सुरू करताच जागा मोकळी झाली. एकही खास साधन लागलं नाही. जी व्यवस्था आपल्याविषयीच्या प्रश्नांना साध्या मजकुरात उत्तर देते, तीच सामान्य माणसाला दुरुस्त करता येते. झाकायचं ते कारण देऊन झाकावं. बाकी सगळं वाचता यावं.

आपल्या महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टीम शिकवताना प्रोसेस आणि पेजिंग यांच्या व्याख्या पाठ होतात. पहिलं प्रात्यक्षिक याऐवजी असं असावं, असं मला मनापासून वाटतं : विद्यार्थ्याने सीमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहावा, १०० एमबी जागा मागावी आणि प्रॉकमध्ये आपल्या प्रोसेसची ‘स्टेटस’ फाइल वाचावी. मग त्या जागेतल्या प्रत्येक पानावर एकेक बाइट लिहून तीच फाइल पुन्हा वाचावी. व्हर्च्युअल मेमरी तेवढीच राहते, आरएसएस सुमारे १०० एमबीने वाढतो. असं का झालं, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की पेजिंगची व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.