अळणी पाव

इटालियन भाषा आणि चित्रकला शिकण्यासाठी फ्लॉरेन्सला गेलेल्या त्या मराठी विद्यार्थिनीची राहण्याची सोय आर्नो नदीपलीकडच्या एका कुटुंबात झाली होती. घर चौथ्या मजल्यावर, जिना दगडी. पहिल्या रात्री यजमानीणबाईंनी वाढलेला पाव तिला अळणी लागला. मीठ घालायचे राहिले असावे, असे समजून संकोचाने ती गप्प राहिली. तोस्कानातला पाव मीठ न घालताच भाजतात, हे तिला नंतर कळले.

काही आठवड्यांनी वर्गात ‘पारादीसो’चा सतरावा सर्ग आला. दान्ते १३०२ मध्ये फ्लॉरेन्समधून हद्दपार झाला आणि १३२१ मध्ये राव्हेन्नात वारला. तो घरी परतलाच नाही. ह्या सर्गात त्याचा खापरपणजोबा काच्चाग्वीदा भविष्य वर्तवतो की, परक्याचा पाव किती खारट असतो आणि परक्याचे जिने किती अवघड, हे त्याला अनुभवाने कळेल. ह्या खारटपणात परावलंबनाचे दुःख वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु अळणी पावावर वाढलेल्या माणसाला परमुलखातला पाव प्रथम जिभेलाच खारट लागणार, हा अर्थ तिला जेवणाच्या टेबलाने दिला.

मराठी मनाची अडचण मात्र वेगळीच होती. परक्या घरचे मीठ मराठीत ऋण ठरते. खाल्ल्या मिठाला जागावे लागते. दान्तेच्या मिठात मानहानी आहे. शिवाय ही विद्यार्थिनी तर दरमहा पैसे मोजून राहत होती. अशा पाहुण्याला ऋण असते काय?

ब्रांकाच्ची चॅपेलमधले मासाच्चोचे आदम आणि ईव्हच्या हकालपट्टीचे भित्तिचित्र पाहून आली, त्या रात्री तिला ते टेबलावर सांगता येईना. ईव्हच्या उघड्या तोंडासाठी वर्गातला ‘दोलोरे’ – दुःख – हा शब्द पुरला. आदमसाठी तिने दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून दाखवला. ‘व्हेर्गोन्या’, बाई हळूच म्हणाल्या. लाज. शब्द देऊन त्यांनी तिच्या ताटात आणखी एक तुकडा ठेवला.

निघण्याच्या दिवशी राहिलेले भाडे चुकते झाले. बाईंनी पैसे मोजून घेतले आणि प्रवासासाठी अर्धा पाव कागदात गुंडाळून दिला. तो हिशेबात नव्हता. खाल्ल्या मिठाला जागायचे म्हटले, तर त्यात मीठही नव्हते.