अंजनगावचा तह आणि परदेशातली आपली मुले

अंजनगाव सुर्जी म्हटले की वऱ्हाडी माणसाला पानमळे आणि पानपिंपरी आठवते. आम्ही मात्र तिथे गेलो ते तहाची भूमी पाहायला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आडगावला शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला इथे दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला. मुलूख गेला हे सगळेच सांगतात. पण त्या तहात आणखी एक कलम होते. फ्रेंच माणूस, किंवा इंग्रजांशी युद्धात असलेल्या दुसऱ्या युरोपीय-अमेरिकी सत्तेची प्रजा, शिंद्यांनी चाकरीत ठेवायची नाही. इंग्रजांची प्रजाही त्यांच्या संमतीवाचून ठेवायची नाही. परमुलखात कोणी राहावे हे कागदावरच्या चार ओळींनी ठरले. पोटासाठी आलेल्या शिपायाला कोण विचारतो?

कुणी कुठे राहायचे हे दुसऱ्यांनी ठरवावे, हे गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्या आपल्या समाजाला नवे नाही. म्हणूनच कागदाची किंमत आपण ओळखली पाहिजे. परमपूज्य बाबासाहेबांनी ती ओळखली होती. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पण चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

आज आपली मुले-मुली अमेरिकेत शिकतात, नोकऱ्या करतात. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे ते वेगळे ठरते. विद्यार्थ्याच्या व्हिसाची तारीख उलटली तरी शिक्षण नियमाने चालू असेल तर त्याला तिथे राहता येते. मात्र बहिणीच्या लग्नाला घरी आला की परत जाण्यासाठी नवा व्हिसा लागतो. आय-२० या कागदावर कॉलेजची प्रवासाची सहीही हवी. ग्रीन कार्डवाल्याला वर्षभर किंवा जास्त बाहेर राहायचे असेल, तर री-एन्ट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. इथे आल्यावर तो करता येत नाही.

तेव्हा आईबापांनो, फोनवर ‘कधी येतोस?’ असे विचाराल तेव्हा ‘परत जायचा कागद तयार आहे ना?’ हेही विचारा. तिकीट त्यानंतर काढू द्या. चार दिवसांच्या लग्नापायी कष्टाने मिळवलेले शिक्षणाचे वर्ष बुडता कामा नये. जयभीम!