टेबल एक, चुली शंभर

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये भर दुपारी रिकामं टेबल दिसलं आणि त्यावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट पडलेलं असलं, तर ते टेबल रिकामं नाही असं खुशाल समजावं. कुणीतरी ते धरून ठेवलंय आणि स्वतः रांगेत उभं आहे. पाकिटाची किंमत ती काय, पण ते बाजूला सारून बसायची कुणाची छाती होत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा पकडलेल्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे रुमालावरून हमरीतुमरी होऊ शकते, इथे होत नाही.

हॉकर सेंटर ही इमारत म्हणून अगदीच साधी गोष्ट. वर छप्पर, बाजू बहुतेक उघड्या, छताला गरगरणारे पंखे, मधे जमिनीत पक्की बसवलेली टेबलं-स्टुलं आणि ओळीने गाळे. गाळा दोन-तीन माणसं कशीबशी वावरतील एवढाच. अशी एकशे दहाच्या वर सेंटर्स या एवढ्याशा बेटावर आहेत. चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये तर एकाच छपराखाली दोनशेहून जास्त गाळे. खाली भाजी-मासळीचा ओला बाजार, वर खाणं. पहिल्यांदा जाणारा माणूस अर्धा तास नुसत्या पाट्या वाचत फिरतो आणि शेवटी भूक अनावर होऊन जिथे रांग मोठी तिथे उभा राहतो. तेच बरोबर असतं.

मला या जागांची ओढ लागली ती एका गाळ्यावर बहुधा एकच पदार्थ असतो म्हणून. फार तर त्याच कुळातले दोन-तीन. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन असं सगळं एकाच मेन्यूकार्डावर असलं की माझी भूक निम्मी होते. इथे एक माणूस वर्षानुवर्षं फक्त भात आणि कोंबडी करतो. मॅक्सवेल फूड सेंटरमध्ये चिकन राइसच्या गाळ्यासमोर उभं राहून पाहावं. काचेमागे उकडलेल्या कोंबड्या आकड्यांना टांगलेल्या असतात, फिकट आणि तुकतुकीत. पुढे झाडाच्या बुंध्यासारखा जाड लाकडी ठोकळा. आकड्यावरून कोंबडी खाली येते, रुंद पात्याचा सुरा धप् धप् पडतो, हाड कुठे आहे हे हाताला आधीच ठाऊक असतं. मग तेच पातं तुकड्यांखाली सरकवून सगळे तुकडे एका फटक्यात भातावर. खाली काकडीच्या चकत्या. भात दिसायला पांढरा, पण तो कोंबडीच्या चरबीवर आलं-लसणात परतून तिच्याच रश्शात शिजवलेला, वर पांदानच्या पानाचा वास. सोबत आलं घातलेली लाल मिरचीची आंबट-तिखट चटणी. चव मोठ्याने बोलत नाही. तिसऱ्या घासाला कळतं की ताटात खरा राजा कोंबडी नसून भात आहे. भातावर वाढलेल्या माणसाला हे कळायला तीन घास लागावेत, हेही नवलच.

पलीकडे कॉफीचा गाळा. इथली कॉफी साखर आणि लोण्यात किंवा मार्गारिनमध्ये भाजलेल्या बियांची, काळीकुट्ट. ती कापडाच्या लांब मोज्यासारख्या गाळणीतून पडते. कपाच्या तळाशी आधीच घट्ट गोड दुधाचा थर. म्हातारा लांब चोचीचं भांडं उंच धरतो, नजर भलतीकडे, तोंडाने पुढच्या गिऱ्हाइकाशी गप्पा, आणि धार नेमकी कपात. बिनदुधाची, बिनसाखरेची, कमी गोड, दाट, पातळ अशा प्रत्येक तऱ्हेला स्वतंत्र नाव आहे आणि ते एका दमात सांगता आलं पाहिजे. सगळे त्याला अंकल म्हणतात. भांडी उचलणारी बाई आंटी. दादर असो की सिंगापूर, ही नाती विनाखर्च जोडता येतात.

ही माणसं इथे कुठून आली, ते ताटं सांगतात. चिकन राइस चीनच्या हैनान बेटावरून आलेल्यांचा, काडीवर भाजलेल्या मांसाचं साते जावाकडचं, परतलेल्या शेवयांचा चार क्वे तियाव तेओचू आणि होक्किएन लोकांचा, नारळाच्या दुधातल्या भाताचा नासी लमाक मलय. आणि मी गोरेंग नावाचा लालभडक नूडल्सचा प्रकार इथल्या तमिळ मुसलमानांनी घडवला. तो तमिळनाडूत नाही, चीनमध्ये नाही. घर सोडून आलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या शेवया घेऊन आपल्या तव्यावर परतल्या, एवढंच. टेक्का सेंटरमध्ये रोटी पराटावाला कणीक हवेत भिरकावून तिचा पडदा करतो आणि घडी घालून तव्यावर टाकतो, ते बघताना शेजारचं चिनी जोडपं आणि आपण एकाच वेळी ‘अरे वा’ म्हणतो, आपापल्या भाषेत.

हे सगळं पूर्वी रस्त्यावर होतं. खांद्यावरची कावड, ढकलगाडी, फूटपाथवरची शेगडी. खरकटं आणि तेलकट पाणी गटारात, गटार नदीत. १९६८-६९ मध्ये सरकारने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९७१ पासून त्यांच्यासाठी सेंटर्स बांधायला घेतली. १९७७ मध्ये सिंगापूर नदी साफ करायची दहा वर्षांची मोहीम सुरू झाली, तेव्हा काठावरचे विक्रेतेही आत आले. १९८६ पर्यंत रस्ते मोकळे झाले होते. यात जोरजबरदस्ती नव्हती असं नाही, ते सरकार लाडीगोडीसाठी कधीच प्रसिद्ध नव्हतं. पण हटवताना त्यांनी माणसाला परवाना, नळ, वीज, सांडपाण्याची मोरी आणि बेताच्या भाड्याचा गाळा दिला आणि त्याच्या कढईत मात्र हात घातला नाही. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्याचं मूळ मला त्या नळात आणि मोरीत दिसतं.

आणि टेबलात. गाळे वेगळे, टेबल एक. एकाच्या ताटात डुक्कर, दुसऱ्याच्या ताटात हलाल बिर्याणी, तिसरा शाकाहारी, आणि तिघे एकमेकांना कोपर लागेल इतके जवळ. कुणी कुणाच्या ताटात नाक खुपसत नाही. पुष्कळ ठिकाणी उष्टे ट्रे ठेवायच्या मांडण्यासुद्धा दोन असतात, एक हलाल ताटांसाठी, एक बाकीच्यांसाठी. भेद मांडणीवर मान्य केलेला आहे, म्हणून तो टेबलावर आणावा लागत नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून ट्रे उचलून न ठेवणाऱ्याला आधी समज आणि पुन्हा सापडला तर दंड. मराठी शाकाहारी माणसाचीही इथे सोय होते. बौद्ध शाकाहारी चिनी गाळा शोधावा. तिथे कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या काकूंना सोबत घेऊन जायला हरकत नाही, फक्त ताटातला ‘बदकाचा’ तुकडा सोयाबीनचा किंवा गव्हाच्या सत्त्वाचा आहे हे त्यांना आधी सांगून ठेवावं.

मलेशियात पेनांगला गेलो की मात्र मला कोकण भेटतं. गर्नी ड्राइव्हच्या गाड्यांवर आसाम लाक्सा मिळतो. तांदळाच्या जाड शेवया, वर पुदिना, काकडी, कांदा, अननस, आणि सगळ्याला बुडवणारा आंबट तिखट रस्सा. त्यात शिजलेला मासा म्हणजे आपला बांगडाच. आंबटपणासाठी चिंच आणि एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या, ते फळ कोकमाच्याच कुळातलं. मालवणी माणसाला त्यातल्या कोळंबीच्या आंबवलेल्या लगद्याचा वासही परका वाटणार नाही. समुद्र एक, पाऊस एक, मग रस्सा वेगळा कसा होईल?

आता घरी येऊ. खाऊगल्ली आपल्याला कुणी शिकवायला नको. इंदूरचा सराफा दिवसा सोनं विकतो आणि रात्री त्याच पायऱ्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबी विकतो. होळकरांच्या गावातली मराठी घरं पाहुण्याला तिथे नेल्याशिवाय सोडत नाहीत. त्याच गावातल्या छप्पन दुकानाला आणि अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठाला केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्वच्छ खाऊगल्लीचा दर्जा दिला. म्हणजे जमतं. मुंबईत मात्र अजूनही महापालिकेची गाडी वळणावर दिसली की शीळ घुमते, पेटता स्टोव्ह तसाच उचलून डोसेवाला गल्लीत शिरतो आणि गिऱ्हाईक हातात अर्धा डोसा घेऊन उभं राहतं. पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ चा आहे. डोसेवाल्याला त्याची कलमं माहीत नाहीत, गाडीची वेळ माहीत आहे.

आणि ज्याला आपण फूड कोर्ट म्हणतो, ते मॉलच्या वरच्या मजल्यावर असतं. तिथे एसी आहे, चकाचक फरशी आहे. आधी कार्डात पैसे भरायचे, उरलेले परत घ्यायला पुन्हा रांग लावायची. पाट्या रंगीबेरंगी, पण काउंटरमागे दिसतो तो गणवेशातला मुलगा, पाकीट फोडून तेलात सोडणारा. तो मुलगा पुढच्या महिन्यात बुटांच्या दुकानात असेल. त्या पदार्थाला कुणाचा हात लागलेला नसतो, म्हणून तो कुणाच्या लक्षातही राहत नाही.

सिंगापूरचंही सगळं आलबेल नाही. तिथल्या हॉकरांचं वय साठीच्या आसपास पोचलंय. पहाटे चारला उठून कढईसमोर उभं राहायचं आणि मुलांना शिकवायचं ते या कढईपासून सुटावं म्हणून. मुलं सुटली, आता कढई कुणाची? २०१६ मध्ये चान होन मेंग या हॉकरच्या सोया सॉसमधल्या कोंबडीला मिशलिनचा तारा मिळाला, जगभर बातम्या झाल्या. ती थाळी होती दोन-अडीच डॉलरची. लोकांना कौतुक वाटलं ते याचंच, की एवढं स्वस्त आणि एवढं उत्तम! पण तेच लोक मॉलमध्ये जपानी रामेनला पंधरा-वीस डॉलर निमूट देतात आणि हॉकरने पन्नास सेंट वाढवले की कुरकुरतात. स्वस्ताईचा हा अभिमान कुणाच्या तरी पाठीच्या कण्यावर उभा असतो.

वडापाववाल्याने भाव वाढवला की आपणही नेमकं हेच करतो. कॅफेतल्या अडीचशेच्या कॉफीवर मौन, आणि गाडीवरच्या तीन रुपयांवर भाषण.

चवीच्या बाबतीत आपण कुणाचं देणं लागत नाही. सिंगापूरकडून घ्यायचंच असेल तर नळ घ्यावा, मोरी घ्यावी, छप्पर आणि परवडणारं भाडं घ्यावं. ते महापालिकेने द्यायचं आहे, आणि मत मागायला येणाऱ्याला त्याबद्दल विचारायला हवं. वाढलेले तीन रुपये मात्र आपणच द्यायचे आहेत, आणि ते देताना तोंड वाकडं करायचं नाही.