ओलीचा आकडा

शेतात सेन्सर बसवणाऱ्याला तिगावाकडच्या संत्रा बगीच्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘भाऊ, मशीन साठ दाखवून राह्यली, अन् झाड त सुकून राह्यलं!’ तक्रार करणारा खरं बोलत असतो आणि बहुतेक वेळा मशीनही बिघडलेली नसते. साठ म्हणजे कशाचे साठ, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

तिगाव हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरचं, पांढुर्ण्याला लागून असलेलं स्टेशन. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून नवा जिल्हा झाला. कागदावर मध्य प्रदेश, वावरात वऱ्हाडी, आणि पीक म्हणाल तर कापूस नि नागपुरी संत्रा. कापसाला पाण्याची चूक थोडीफार चालून जाते. संत्र्याला ती चालत नाही. पाणी जास्त झालं की बुंध्याशी डिंक्या आणि मुळांना कूज, कमी झालं की फळगळ. त्यात बहार धरायचा तर झाडाला मुद्दाम तहानेलं ठेवावं लागतं. म्हणून इथं ओल मोजायची हौस कुणाला नाही, ती गरज आहे.

सेन्सर ओल थेट मोजत नाही. तो मातीचा विजेशी चाललेला व्यवहार मोजतो. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ८० च्या आसपास असतो, मातीतल्या कोरड्या खनिजांचा ३ ते ५ आणि हवेचा १. एवढा फरक असल्यामुळे मातीत पाणी किती, याचा अंदाज विजेवरून बांधता येतो. १९८० साली टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन या संशोधकांनी या अंदाजाचं समीकरण मांडलं आणि पुढे कितीतरी उपकरणांच्या पोटात तेच, नाहीतर त्याच्याच धर्तीचं दुसरं सूत्र जाऊन बसलं. पोयट्याच्या, साध्या जमिनीत ते छान चालतं. भारी काळ्या जमिनीत त्याचे पाय अडखळतात. या मातीतली चिकणमाती पाण्याचा एक पातळ थर स्वतःला घट्ट चिकटवून ठेवते आणि तो थर मोकळ्या पाण्यासारखा वागत नाही. शिवाय ही माती स्वतःही थोडी वीज वाहते. स्वस्त, कमी वारंवारतेचे सेन्सर त्यानं फसतात आणि आहे त्यापेक्षा जास्त ओल दाखवतात.

बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतो तो दोन उघड्या धातूच्या दांड्यांचा रोधक सेन्सर. तो शाळेच्या प्रदर्शनापुरता ठीक. सतत वीज चालू ठेवली तर एका हंगामात त्याच्या दांड्या गंजून जातात, आणि खताचं पाणी दिलं की ओल न वाढताही आकडा उडी मारतो. त्याच्यापेक्षा धारक पद्धतीची पट्टी बरी. तीही शे-दोनशे रुपयांत मिळते, फक्त तिच्या कापलेल्या कडांतून पाणी आत शिरतं. कडांना नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्यायचे आणि वरचा इलेक्ट्रॉनिक भाग इपॉक्सीत बुडवून टाकायचा. ज्यांनी हे केलं नाही त्यांचा आलेख पोळ्यापर्यंत सरळ रेघ होतो.

या पट्टीसोबत येणारा सल्ला मात्र घात करतो. पट्टी हवेत धरा, तो शून्य. पाण्याच्या पेल्यात बुडवा, ते शंभर. झालं कॅलिब्रेशन! पण काळी माती चिंब भरली तरी तिच्या आकारमानात पाणी साधारण निम्मंच असतं, शंभर कधीच होत नाही. वाफशावर ती पस्तीस-चाळीस टक्क्यांवर उभी असते, आणि वीस-पंचवीस टक्के पाणी शिल्लक असतानाच झाड मान टाकतं, कारण ते उरलेलं पाणी माती सोडत नाही. वाळूत पंचवीस टक्के म्हणजे चिखल. इथं तो दुष्काळ.

तेव्हा आकड्याला त्याच मातीशी बांधून घ्यावं लागतं, आणि त्याला तराजूशिवाय दुसरा रस्ता नाही. पाच सेंटिमीटर उंच आणि तेवढ्याच व्यासाची लोखंडी कडी घ्यायची, सेन्सरपासून वीतभर अंतरावर त्याच खोलीला हलक्या हातानं ठोकायची, दोन्ही तोंडांची माती सुरीनं सपाट कापायची आणि लगेच वजन करायचं. मग १०५ अंशांच्या भट्टीत चोवीस तास. समजा, ओली माती १६५ ग्रॅम भरली आणि सुकून १२४ उरली. ४१ ग्रॅम पाणी गेलं. कडीचं आकारमान ९८ घन सेंटिमीटर, म्हणजे आकारमानानं ओल ४२ टक्के. त्या क्षणी पट्टीनं जो कच्चा आकडा दाखवला होता, त्याच्यासमोर ४२ लिहायचे. असं पाऊस उघडल्यापासून ताण पडेपर्यंत मधूनमधून करत गेलं की आलेखावर ठिपके जमतात आणि त्यांतून रेघ निघते. तव्यावर माती भाजून काम उरकणारेही भेटतात. तव्याचा ताप हातात राहत नाही, सेंद्रिय भागही जळतो आणि ते वजनही पाण्याच्या खात्यात जातं. त्यापेक्षा डबे घट्ट बंद करून भट्टी असलेल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नेलेले बरे.

बादलीत माती भरून कॅलिब्रेशन करायची पद्धत पुस्तकांत आहे. माती सुकवा, चाळा, मोजून पाणी मिसळा, ठासून भरा, दिवसभर झाकून ठेवा. हलक्या जमिनीला ती उत्तम. काळ्या मातीची ढेकळं फोडून चाळली की ती वावरातली माती उरतच नाही. शिवाय ही माती फुगते आणि आक्रसते. ओली असताना तिची घनता सव्वाच्या आसपास, पार सुकली की दीडच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून घनता एकदा काढून वर्षभर तीच वापरणं चुकीचं. दर नमुन्याला कडी हवीच.

आणि भेगा. सेन्सर पुरला ती जागा मातीतला कच्चा दुवाच असतो, त्यामुळे ताणाच्या दिवसांत भेग नेमकी तिथून चालते. पट्टीच्या एका अंगाला हवा येते आणि आकडा एका रात्रीत धपकन खाली येतो. पुढचं पाणी सोडलं की गंमत आणखी वाढते. पाणी भेगेतून थेट खाली धावतं आणि पंचेचाळीस सेंटिमीटरवरचा सेन्सर पंधरावरच्याच्या आधी जागा होतो. हा आलेख पहिल्यांदा पाहणाऱ्याला वायरी उलट्या जोडल्यात असंच वाटतं. त्यावर उपाय अर्धामुर्धाच आहे. बाजूला खड्डा घेऊन त्याच्या उभ्या भिंतीत पट्टी आडवी खुपसायची, त्याच मातीचा पातळ गारा करून फट भरायची, वर पालापाचोळ्याचं आच्छादन टाकायचं. आकडाही पहाटेचाच धरायचा. दुपारच्या तापमानानं ओल न बदलता रेघ वर-खाली होते.

जागा निवडताना बुंध्याजवळ जायचं नाही. संत्र्याची अन्न घेणारी मुळं बहुतांशी वरच्या फुटभरात, झाडाच्या घेराखाली असतात. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर एक सेन्सर मुळांच्या थरात, दुसरा त्याखाली. खालचा सतत ओला राहिला तर पाणी वाया चाललंय आणि कूजही फार लांब नाही. एका बगीच्याला एक जोडी पुरेल, हा हिशेबही इथं जमत नाही. पांढुर्ण्याकडे बेसॉल्टची खोल काळी, चढावर तीच हातभर होऊन खाली मुरूम. सौंसरकडे तर खडकच बदलतो. मँगनीज पोटात असलेल्या त्या जुन्या खडकांना भूशास्त्रज्ञांनी सौंसरचंच नाव दिलंय. मुरमावरच्या झाडाचं कॅलिब्रेशन खोलगटातल्या झाडाला लावणं म्हणजे एकाच्या चष्म्यानं दुसऱ्यानं वाचणं.

टक्क्यांच्या भानगडीत पडायचं नसेल तर मातीची ओढ मोजणारी उपकरणं आहेत. झाडाला पाणी खेचायला किती जोर लावावा लागतो, हे ती सांगतात, त्यामुळे माती बदलली तरी आकड्याचा अर्थ फारसा बदलत नाही. टेन्शिओमीटर त्यातला जुना आणि प्रामाणिक, पण ८० सेंटिबारच्या आसपास त्याच्या नळीत हवा शिरते आणि तो गप्प होतो. फळं पोसताना तो कामाचा, ताणात निरुपयोगी. जिप्समचा ठोकळा बुयूकोस आणि मिक यांनी १९४० साली आणला. ओल्या मातीत तो मठ्ठ असतो, हळूहळू विरघळतो, मात्र कोरड्या टोकाला चांगला बोलतो. त्याच्याच वंशातले दाणेदार भरणाचे सेन्सर २०० सेंटिबारपर्यंत जातात. एकच गोष्ट विकत घ्यायची झाली तर संत्रावाल्यानं हीच घ्यावी. ज्याला आकडाच नको, त्याच्यासाठी कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेनं केलेला दर्शक आहे. दांडी जमिनीत रोवली की निळा, हिरवा, नारिंगी किंवा लाल दिवा लागतो.

आंबिया बहाराचा ताण डिसेंबर-जानेवारीत पडतो. हलक्या जमिनीत महिनाभरात काम होतं, भारी जमिनीत दीड-दोन महिने पाणी तोडूनही पान हलत नाही, आणि मग सायकोसिलसारख्या वाढरोधकाच्या फवारणीकडे वळावं लागतं. या काळात सेन्सरवाल्यानं झाडाकडेही पाहायचं असतं. पानं दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरतात तो दिवस आलेखावर खूण करून ठेवायचा, सकाळीही सावरत नाहीत तो दुसरा. या दोन खुणा कुठल्याही कारखान्यातून येत नाहीत. त्या त्या बगीच्याच्या असतात, आणि पुढच्या वर्षी ताण कुठवर आला हे त्यांच्यावरून कळतं.

मग जानेवारीत कधीतरी ढग येतात. अवकाळी सर पडली की मालकाचा पहिला प्रश्न असतो, ताण मोडला का? वरच्या सेन्सरची रेघ उडालेली असते. फुटाखालची हलली नसेल तर ओल वरच मुरलेली असते. चार दिवस थांबायचं, वरची रेघ पुन्हा खाली येते का पाहायचं आणि ताण पुढे चालू ठेवायचा. खालचीही उडाली असेल तर भेगेतून पाणी गेलं की खरंच थर भिजला, हे फावड्यानं उकरून पाहायचं. थर भिजला असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. खत टाकून आंबवणीचं हलकं पाणी त्याच आठवड्यात सोडावं लागतं.