रंगाखालचे लोखंड

कोल्हापुराहून दक्षिणेस निघावे, कागल मागे टाकावे, दूधगंगेचा पूल ओलांडावा, की कोगनोळीपाशी कर्नाटक राज्य सुरू होते. राज्य बदलते, रान मात्र बदलत नाही. तीच काळी जमीन, तोच ऊस, तंबाखूची तीच रुंद पाने आणि बांधावरून येणारी तीच मराठी हाक. निपाणीकरांचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात आहे आणि निपाणीची बाजारपेठ कर्नाटकात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नकाशावर जी रेघ आली, ती येथील माणसे दिवसातून कितीदा ओलांडतात याची गणती नाही. पुढे तवंदीचा घाट, मग संकेश्वर, यमकनमर्डी, काकती आणि शेवटी बेळगाव. हा रस्ता आम्ही नोकरीच्या निमित्ताने अनेक वर्षे तुडवीत आलो आहोत.

अलीकडे या मुलखात एक नवे दृश्य दिसू लागले आहे. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत जुने ट्रॅक्टर विक्रीसाठी रांगेने उभे असतात. त्यांत मोठी धुडे असतात, तशीच पंधरा-वीस अश्वशक्तीची, आमच्याकडे ज्यांना ‘मिनी ट्रॅक्टर’ म्हणतात ती लहान यंत्रेही असतात. शेजारी एखाददुसरा पॉवर टिलर. वाटण्या होत होत ज्याच्या वाट्याला दोन-तीन एकर आले, ज्याला बैलजोडी वर्षभर पोसणे परवडत नाही आणि उसाच्या सरीत ज्याचा मोठा ट्रॅक्टर मावत नाही, अशा शेतकऱ्याला हे लहान यंत्र म्हणजे मोठाच आधार. नवे घेण्याची ऐपत नसते, म्हणून तो जुन्याकडे वळतो. आणि ही जुनी यंत्रे पाहावीत तर सारी नवऱ्या मुलासारखी नटलेली. लाल तो लालभडक, निळा तो निळाशार, आणि टायर काळ्या पॉलिशने चकचकीत.

रंगाशी आमच्या भागाचे वैर नाही. ज्येष्ठी पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला येथे बैलांची शिंगे रंगतात, अंगावर झुली चढतात. खंडेनवमीला नांगर-कोयत्यांबरोबर ट्रॅक्टरही धुऊन पुजला जातो. तो रंग कृतज्ञतेचा असतो. परंतु बैलबाजारात जाणता शेतकरी शिंगांच्या रंगावर कधी भुलला नाही. तो बैलाचे तोंड उघडून दात मोजी. आदत की दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे पाहून मगच रुमालाखाली बोटे धरून सौदा होई. बैलाचे वय त्याच्या तोंडात लिहिलेले असे. यंत्राचेही वय त्याच्या अंगावर लिहिलेले असते. घाईघाईने मारलेला रंग नेमके तेच लिखाण पुसून टाकतो.

गतवर्षी आमच्या एका भाऊबंदाने दोन म्हशी विकून आणि उरलेले पैसे सोसायटीतून उचलून असाच एक लहान ट्रॅक्टर घेतला. रंग पाहून घरची मंडळी हरखली, पेढे वाटले गेले. दुसऱ्याच महिन्यात, ऐन भरणीच्या दिवसांत यंत्र तापू लागले. गावच्या फिटरने रेडिएटर उघडून दाखविला. रंगाच्या फवाऱ्याने त्याच्या जाळीची निम्मी छिद्रे बुजली होती. पुढे इंजिनच्या अंगाला बोटभर चीर निघाली. ती एम-सीलने भरून वर रंग मारलेला होता. विकणाऱ्याकडे गेल्यावर “पाव्हणं, बघूनच घेतलासा न्हवं?” एवढेच उत्तर मिळाले. म्हशी गेल्या, दूध गेले आणि कर्जाचा हप्ता तेवढा राहिला.

या प्रसंगानंतर त्या फिटरपाशी बसून आम्ही हा विषय थोडा समजून घेतला. लोखंड नीट रंगवायचे तर आधी ते डिझेलने धुवावे लागते, साचलेले वंगण आणि माती खरवडावी लागते, गंज पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो. मग रेड ऑक्साइडचा हात द्यावा, तो वाळू द्यावा आणि नंतर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. या कामाला काही दिवस लागतात. घाईचा रंग एका दुपारी उरकतो. तेलावर, मातीवर, गंजावर सरळ फवारा मारला जातो. असा रंग एका पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटतो. पण तोवर व्यवहार जुना झालेला असतो.

फिटर म्हणाला, “गुरुजी, रंग बघू नगा, रंग कुठं लागायला नको हुता त्ये बघा.” त्याचे हे वाक्य आम्हाला फार मोलाचे वाटले. रबरी नळ्यांवर, विजेच्या तारांवर, ग्रीस भरण्याच्या निपलांवर रंगाचे शिंतोडे दिसले, की काम घाईचे आहे असे समजावे. निपल रंगाने बुजलेले असतील तर रंगल्यापासून तेथे ग्रीस गेलेले नाही. पत्र्यावर लोहचुंबक धरावे. जेथे ते नीट चिकटत नाही तेथे खाली पुट्टीचा जाड थर आहे. तासांचा मीटर थोडे तास दाखवीत असेल आणि क्लचच्या पायपट्टीची झीज पार तळाला गेलेली असेल, तर मीटरपेक्षा पायपट्टीवर विश्वास ठेवावा. इंजिन थंड असतानाच आपल्यासमोर सुरू करवावे. निळा धूर येत राहिला तर ते ऑइल जाळते आहे. गिअरपेटीतले ऑइल दुधासारखे पांढुरके दिसले, तर आत पाणी शिरले आहे. मागची लिफ्ट वजनासह उचलून ठेवावी आणि ती आपोआप खाली बसते का ते पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिन आणि चासी यांवर ठोकलेले क्रमांक. जाड रंगाखाली ते दिसेनासे झाले असतील तर रंग खरवडून ते वाचावेत आणि आर. सी. बुकाशी ताडून पाहावेत. सीमाभागात ही सावधगिरी दुपटीने हवी. एकाच आवारात चिकोडीचा केए २३, बेळगावचा केए २२ आणि कोल्हापूरचा एमएच ०९ असे क्रमांक शेजारी शेजारी उभे असतात. परराज्यातील वाहन आपल्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे तर नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ हवा. रंग नवा आणि कागद अपुरे, असा ट्रॅक्टर कितीही स्वस्त मिळाला तरी महागच.

सगळेच विक्रेते असे वागतात असे मात्र नव्हे. यंत्र जसे आहे तसे उभे करून, “ह्याचा क्लच बदलावा लागंल” असे आधीच सांगणारेही आम्ही पाहिले आहेत. त्यांचे ट्रॅक्टर ओळीत मळकट दिसतात आणि गिऱ्हाईक त्यांच्यावरून पुढे जाते, ही त्यात दुःखाची गोष्ट.

याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर घडविले. लोखंडाने जमिनीत विष कालवते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. तिच्यावर मात करताना त्यांच्या कामी आला तो नांगराचा रंग नव्हे, तर शेतात प्रत्यक्ष चाललेला त्याचा फाळ. १९१० साली ते कुंडलच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. येथील शेतकऱ्याला पैशाची किंमत कोणी शिकवायला नको. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली याच निपाणीच्या महामार्गावर त्याने आठवडेच्या आठवडे ठाण मांडले आणि गोळ्याही झेलल्या. असा कष्टाचा पैसा एका दुपारच्या रंगात जावा, हे मनाला लागते.

या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांची शेते अजून गावी आहेत आणि भाऊ किंवा पुतण्या ती कसतात. “दादा, ट्रॅक्टर बघितलाय, पैसे पाठव” असा निरोप येतो आणि सोबत मोबाइलवर छायाचित्र. छायाचित्रात रंगाखेरीज काहीच दिसत नाही. म्हणून आमची विनंती एवढीच की पैसे धाडण्यापूर्वी एका जाणत्या फिटरची दिवसभराची मजुरी आधी धाडावी, आणि इंजिनच्या क्रमांकाचे व आर. सी. बुकाचे छायाचित्र मागवून घ्यावे. मग यंत्र खरे निघाले आणि मळकट असले, तर खुशाल ते घरी न्यावे, धुवावे, घासावे, आणि खंडेनवमीच्या आधी आपल्या हाताने, सावकाश, हवा तो रंग द्यावा.