गरीब हरणांच्या बेटावर

वर्गात ‘शाकुंतल’ निघाले की आश्रमातल्या त्या पाडसावर मी हमखास दहा मिनिटे खर्च करतो. हरिण म्हणजे मूर्तिमंत निष्पापपणा, हे मी किती मुलांच्या गळी उतरवले असेल कोण जाणे! पण गेल्या वर्षी ऑगस्टअखेर स्कॉटलंडमधल्या रम बेटावर जाऊन आलो, आणि ती दहा मिनिटे जड जाऊ लागली. (नावावर जाऊ नये, तेथे प्यायला मिळाला तो पाऊसच.)

भाचा ग्लासगोला असतो. मॅलेग बंदरात त्याने मला बोटीत चढवले. बेट सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे, वस्ती पन्नासाच्या आत. १८२६ आणि १८२८ साली मेंढ्यांना कुरण हवे म्हणून इथली माणसे कॅनडाकडे धाडली गेली. गवतखाऊंनी गाव गिळले ते असे! आता राज्य तांबड्या हरणांचे. १९५३ पासून शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करीत आहेत. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांनी वह्या ठेवाव्यात तशा त्यांच्या वंशावळी लिहून ठेवल्या आहेत.

हॅलिव्हल डोंगराच्या उतारावर मँक्स शीअरवॉटर हे समुद्रपक्षी जमिनीत बिळे करून राहतात. जोडपी लाखाच्या घरात. रात्री ते परतले की असा कालवा होतो, की अंगावर काटा यावा. त्यांच्या विष्ठेमुळे तेवढा उतार हिरवागार. साहजिकच हरणे तेथे चरायला येतात.

पहाटे एका बिळाच्या तोंडाशी पिल्लू दिसले. लोण्याच्या गोळ्यासारखे गुबगुबीत. फक्त डोके नव्हते.

“मामा, हे हरणाचे काम.”

मी हसलो. वरच्या जबड्यात पुढचे दातच नसलेला प्राणी तो! पण भाचा थट्टा करीत नव्हता. फर्नेस नावाच्या शास्त्रज्ञाने १९८८ साली हे लिहून ठेवले आहे. शेटलंडमधल्या फाउला बेटावरच्या मेंढ्याही टर्न पक्ष्यांच्या पिल्लांचे पाय नि पंख तोडून खातात. सततच्या पावसाने जमीन निकस झालेली, गवतात चुना नि फॉस्फरस कमी. नराला दरवर्षी नवी शिंगे उभारायची, मादीला पाडसाला पाजायचे; मग हाडे चघळण्यावाचून गत्यंतर काय?

मला आई आठवली. लहानपणी माझे पाय वाकू लागले, तेव्हा डॉक्टरांनी माशाचे तेल सांगितले. गळ्यात तुळशीची माळ असलेली माझी आई रोज सकाळी तो चमचा माझ्या तोंडात घाली. घालताना स्वतःचे तोंड मात्र देवघराकडून फिरवून घेई. बाटली तांदळाच्या डब्यात लपवलेली असे. वडिलांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. भाच्याला सांगितले.

“आजीने?” तो एवढेच म्हणाला.

उतरताना पाऊलवाटेवर एक हरिणी उभी होती, मागे पाडस. आम्ही वळसा घालून बाजूने निघालो.